हाक आणि मोजणी

मनिला या शहराचे नाव मराठी घरांत पोहोचले ते मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा मानकऱ्यांत विनोबा भावे होते. पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांना तो मिळाला. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, बाबा आमटे, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे अशी ही यादी पुढे वाढत गेली. रेमन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या देशाविषयीची आपली माहिती मात्र बहुधा तिथेच थांबते. आज मला त्या देशातल्या एका रस्त्याविषयी बोलायचे आहे.

त्या रस्त्याचे नाव एपिफानियो दे लोस सांतोस ॲव्हेन्यू. हे सांतोस कायदेपंडित आणि इतिहासकार होते. एवढे लांबलचक नाव रोज कोण घेणार? म्हणून लोक आद्याक्षरे जोडून त्याला ‘एडसा’ म्हणतात. महानगर मनिलाला वळसा घालणारा सुमारे २४ किलोमीटरचा हा रस्ता एरवी वाहनांच्या कोंडीसाठी प्रसिद्ध आहे. पण याच रस्त्यावर जमलेल्या लोकांनी दोन राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवले. पहिल्या वेळी लोकांना बोलावले ते रेडिओने, दुसऱ्या वेळी मोबाइलवरच्या एसएमएसने. पुढे फेसबुकचा जमाना आला, तेव्हा या रस्त्याने जे पुसले होते तेच पुन्हा लिहिले गेले. समाजमाध्यमांमुळे लोकशाही बळकट होते की पोखरली जाते, हा वाद आपल्याकडेही सतत चालू असतो. तो वाद हवेत घालण्यापेक्षा या एका रस्त्यावर उभे राहून पाहावा, असे मला वाटते.

सुरुवात १९७२ पासून करू. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. वर्तमानपत्रे बंद पडली, रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना टाळी लागली, विरोधी नेते तुरुंगात गेले. आपल्याकडची आणीबाणी एकवीस महिन्यांची. तिथे लष्करी कायदा कागदावरून उठायला १९८१ साल उजाडले, आणि मार्कोस यांची सत्ता तर त्यानंतरही पाच वर्षे टिकली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अंदाजानुसार त्या काळात सुमारे ७० हजार माणसे तुरुंगात गेली, सुमारे ३४ हजारांचा छळ झाला आणि तीन हजारांहून अधिक मारली गेली.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी पक्षनेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून मायदेशी परतले. विमानातून उतरताच त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. सरकारच्या मुठीतल्या माध्यमांनी तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली, पण ‘रेडिओ व्हेरितास’ या कॅथलिक चर्चच्या केंद्राने तिचा वृत्तांत लोकांपर्यंत पोहोचवला. बातमी खरी हवी असेल तर कुठला काटा लावायचा, हे लोकांना तेव्हापासून कळले. अशी पत एका दिवसात मिळत नसते, हे इथे लक्षात ठेवू या.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये मार्कोस यांनी अचानक मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली. त्यांच्यासमोर कोण उभे राहणार? दिवंगत अक्विनो यांच्या पत्नी कोराझोन यांचे नाव लोकांच्या तोंडी होते. त्यांनी अट घातली होती की दहा लाख लोकांनी सह्या करून मागणी केली तर मी उभी राहीन. होआकिन रोसेस या ज्येष्ठ वृत्तपत्रमालकांनी सह्यांची मोहीम उभारली आणि तेवढ्या सह्या खरोखरच गोळा झाल्या. सह्या म्हणजे कागदावर, आपल्या नावानिशी, हुकूमशहाच्या राज्यात!

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मतदान झाले. ‘नामफ्रेल’ या नागरिकांच्या संघटनेचे सुमारे पाच लाख स्वयंसेवक त्या दिवशी मतदान केंद्रांवर हजर होते. त्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, जोगिणी होत्या. मतपेट्या पळवल्या जाऊ नयेत म्हणून त्यांनी हातात हात घालून साखळ्या धरल्या. प्रत्येक केंद्रावरचा आकडा उतरवून घेऊन त्यांनी आपली स्वतंत्र बेरीज चालवली. या बेरजेत कोराझोन अक्विनो पुढे होत्या, सरकारी बेरजेत मार्कोस. ९ फेब्रुवारीच्या रात्री सरकारी मोजणी केंद्रातले तिसाहून अधिक संगणकचालक उठले आणि बाहेर पडले. त्यांत बऱ्याच स्त्रिया होत्या. यंत्रात भरलेले आकडे आणि फलकावर दिसणारे आकडे जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दोन दिवसांनी अँटिक प्रांताचे माजी गव्हर्नर एवेलियो हाविएर यांना मतमोजणी चालू असताना भर चौकात गोळ्या घालण्यात आल्या. मते मोजणे हे किती जोखमीचे काम होते, ते यावरून कळावे.

तरीही संसदेने मार्कोस यांना विजयी घोषित केलेच. २२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री एनरिले आणि जनरल रामोस यांनी बंड पुकारले आणि एडसावरच्या लष्करी तळांत ते मूठभर सैनिकांसह जाऊन बसले. त्या रात्री कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली की रस्त्यावर या, या माणसांचे रक्षण करा. लोक आले. दुसऱ्या दिवशी पहाटे सैनिकांनी त्या केंद्राचे प्रक्षेपण यंत्र मोडून टाकले, तेव्हा जून किथली या निवेदिकेने दुसऱ्या जागेहून प्रक्षेपण चालू ठेवले. रणगाडे आले आणि त्यांच्यासमोर जपमाळ हातात घेतलेली माणसे बसली. रणगाडे थांबले. २५ तारखेला कोराझोन अक्विनो यांनी शपथ घेतली आणि त्याच रात्री मार्कोस देश सोडून गेले.

मी रेडिओवर बोलतो आहे म्हणून रेडिओची बाजू घेतो आहे, असे कृपा करून समजू नका. उलट मला हेच सांगायचे आहे की १९८६ चा विजय एकट्या रेडिओचा नव्हता. रेडिओने हाक दिली. पण त्या हाकेच्या मागे दहा लाख सह्या होत्या, पाच लाख स्वयंसेवकांनी केंद्रा-केंद्रावर केलेली बेरीज होती. आपण कशासाठी रस्त्यावर आलो आहोत, हे त्या गर्दीला आकड्यानिशी ठाऊक होते.

आता पंधरा वर्षे पुढे येऊ. १९९८ मध्ये जोसेफ एस्त्रादा राष्ट्राध्यक्ष झाले. ते चित्रपटातले नायक, गरिबांचे कैवारी म्हणून पडद्यावर गाजलेले. सुमारे ४० टक्के मते घेऊन ते निवडून आले आणि त्यांत झोपडपट्टीतल्या मतदारांचा वाटा मोठा होता. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच एका जुन्या दोस्ताने, एका प्रांताच्या गव्हर्नरने आरोप केला की ‘हुएतेंग’चा हप्ता राष्ट्राध्यक्षांना पोहोचतो. हुएतेंग म्हणजे आकड्यांवरचा बेकायदा जुगार, आपल्या मटक्याचा चुलत भाऊच म्हणा ना! महाभियोग दाखल झाला आणि ७ डिसेंबरपासून सिनेटमध्ये खटला सुरू झाला. तो दूरचित्रवाणीवर थेट दिसत होता आणि लोक कामधंदा सोडून तो पाहत होते.

१६ जानेवारी २००१ च्या रात्री एका बंद पाकिटावरून वाद झाला. त्यात राष्ट्राध्यक्षांच्या गुप्त बँक खात्याचा पुरावा आहे, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. पाकीट उघडावे की नाही यावर मतदान झाले आणि ११ विरुद्ध १० मतांनी ते न उघडण्याचे ठरले. फिर्यादी पक्ष सभागृहातून निघून गेला. आणि मोबाइल वाजू लागले.

त्या काळात फिलिपिन्समध्ये साधा टेलिफोन मिळणे दुरापास्त होते, पण प्रीपेड मोबाइल आले होते. बोलणे महाग होते आणि एसएमएस सुरुवातीला फुकट, पुढेही अगदी स्वस्त. त्यामुळे त्या देशाला एसएमएसची राजधानी म्हणत. त्या रात्री ‘एडसाला या, काळे कपडे घाला’ अशा अर्थाचा चार शब्दांचा संदेश या मोबाइलवरून त्या मोबाइलवर धावला. काही तासांतच लोक जमू लागले, चार दिवसांत लाखोंची गर्दी झाली. १९ जानेवारीला लष्कराने पाठिंबा काढून घेतला. २० तारखेला एस्त्रादा राजवाड्यातून बाहेर पडले आणि उपराष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मॅकापगाल-अरोयो यांनी शपथ घेतली. साऱ्या जगातल्या वर्तमानपत्रांनी लिहिले की मोबाइलने सरकार पाडले.

ही कहाणी बहुतेक ठिकाणी इथेच संपवली जाते. पण खरी गोष्ट पुढे आहे.

२५ एप्रिल २००१ रोजी एस्त्रादा यांना अटक झाली. मग त्याच एडसावर पुन्हा गर्दी जमली, पण ही गर्दी वेगळी होती. जानेवारीत नोकरदार, विद्यार्थी, व्यापारी, म्हणजे मोबाइल बाळगणारी माणसे मोठ्या संख्येने होती. आता आले ते झोपडपट्ट्यांतले गरीब. आम्ही मत देऊन निवडलेला माणूस तुम्ही चार दिवसांत कसा काढलात, हा त्यांचा प्रश्न होता. १ मे च्या पहाटे ते राजवाड्यावर चालून गेले. गोळीबार, जाळपोळ झाली, काही जण मेले. अरोयो यांना ‘बंडाची स्थिती’ जाहीर करावी लागली.

एस्त्रादा निर्दोष होते असे मी म्हणत नाही. २००७ मध्ये न्यायालयाने त्यांना सार्वजनिक लुटीच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. जानेवारीतल्या लोकांचा रागही रास्त होता, कारण मोजणीचे दारच सिनेटने बंद केले होते. पण ते दार उघडून खटला पुरा व्हावा, अशी ती हाक नव्हती. खटला अर्धाच राहिला आणि राष्ट्राध्यक्ष मात्र बदलले. ज्यांच्या हाती मोबाइल नव्हता त्यांच्यापर्यंत तो चार शब्दांचा संदेशही गेला नाही आणि त्यामागचा पुरावाही नीट पोहोचला नाही. मग त्यांनी एस्त्रादांवर विश्वास ठेवणे चालूच ठेवले. अरोयो यांनी त्यांना माफी दिली आणि २०१३ मध्ये हेच एस्त्रादा मनिलाचे महापौर म्हणून निवडून आले.

मोबाइलवर आरूढ होऊन आलेल्या सरकारचे काय झाले, तेही ऐका. २००५ मध्ये एक ध्वनिमुद्रण बाहेर आले. २००४ च्या निवडणुकीची मोजणी चालू असताना अरोयो निवडणूक आयुक्तांशी फोनवर बोलत होत्या, अशी ती फीत होती. आपला तोल सुटला म्हणून त्यांनी दूरचित्रवाणीवर येऊन माफी मागितली, पण मतांत गडबड केल्याचे नाकारले. लोकांनी त्या संभाषणातल्या ‘हॅलो गार्सी’ या शब्दांची मोबाइलची रिंगटोन केली आणि ती घरोघर वाजू लागली. लोक हसले. सरकार मात्र २०१० पर्यंत चालले.

तिसरा टप्पा फेसबुकचा. फिलिपिन्समध्ये मोबाइल कंपन्यांनी २०१३ पासून ग्राहकांना फेसबुक फुकट दिले. बाहेरची बातमी उघडायची तर पैसे पडत, फेसबुकवरचा मथळा मात्र फुकट वाचता येई. कोट्यवधी लोकांना इंटरनेट म्हणजे फेसबुकच वाटू लागले. २०१६ मध्ये रॉड्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले, त्यात या माध्यमावरच्या प्रचाराचा हात मोठा होता. मार्च २०१९ मध्ये खुद्द फेसबुकने तिथली सुमारे २०० पाने, गट आणि खाती बनावट कारभारासाठी काढून टाकली. त्यांचा धागा दुतेर्ते यांच्या २०१६ च्या समाजमाध्यम प्रचाराच्या प्रमुखापर्यंत जात होता. हे प्रकार उघड करणाऱ्यांत ‘रॅपलर’ या वृत्तसंस्थेच्या मारिया रेसा अग्रभागी होत्या. त्यांच्यावर खटल्यांमागून खटले भरले गेले आणि २०२१ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले.

इथे साधनांमधला फरक पाहा. १९८६ मध्ये हाक देणारा आवाज कोणाचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. २००१ मध्ये मूळ संदेश कोणी लिहिला हे कळत नव्हते, पण तो आपल्याकडे पाठवणारा ओळखीचा होता. फेसबुकच्या काळात ओळखीचा वाटणारा चेहरादेखील भाडोत्री असू शकतो. हाक देणे जसजसे स्वस्त होत गेले, तसतसा हाक देणारा दिसेनासा झाला.

आणि मग ९ मे २०२२. एडसावरून ज्यांना लोकांनी घालवले त्या मार्कोस यांचे चिरंजीव फर्डिनांड मार्कोस धाकटे तीन कोटींहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. वडिलांचा काळ म्हणजे देशाचे सुवर्णयुग होते, असे सांगणाऱ्या चित्रफिती त्याआधी वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरत होत्या. पाहणाऱ्यांत १९८६ नंतर जन्मलेले तरुण मोठ्या संख्येने होते.

इथे कोणी मला विचारील की मोजणी तर याही वेळी झाली होती ना? हो, झाली होती. २०१३ च्या कायद्याने फिलिपिन्स सरकारने लष्करी राजवटीतल्या पीडितांचे दावे तपासायला एक मंडळ नेमले. ७५ हजारांहून अधिक अर्ज आले. एकेक कागद, एकेक साक्ष पाहून मंडळाने ११ हजार १०३ जणांना पीडित म्हणून मान्यता दिली आणि भरपाई दिली. सरकारी शिक्क्यानिशी, नावानिशी झालेली ही मोजणी होती. पण ती यादी कार्यालयात राहिली आणि सुवर्णयुगाच्या चित्रफिती खिशाखिशात पोहोचल्या. २००१ मध्ये हाक होती, मोजणी अर्धवट राहिली. २०२२ मध्ये मोजणी होती, तिला हाक मिळाली नाही. दोन्ही एकत्र होती ती १९८६ मध्येच. माझ्या मते एडसाचा धडा एवढाच आहे, आणि तो फक्त फिलिपिन्सचा नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो, कारण त्याचा फुकट फेसबुकशी थेट संबंध आहे. निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशी योजना कंपन्यांनी भारतातही आणली होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१५ मध्ये याविषयी लोकांची मते मागवली. एप्रिल महिन्यात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ईमेलने उत्तरे पाठवली. पुढे डिसेंबरात दुसरी फेरी झाली, तेव्हा फेसबुकने आपल्या सदस्यांकरवी एकाच ठशाची लाखो पत्रे पाठवली. ट्रायने तेव्हा स्पष्ट केले की ही पत्रे आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय झाला की असे भेदभावाचे दर भारतात चालणार नाहीत. पहिल्या फेरीतली पुष्कळ पत्रेही तयार मजकुरावरच बेतलेली होती, हे खरे आहे. पण तो मजकूर विचारलेल्या प्रश्नांना धरून होता आणि कायदा व तंत्रज्ञान जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी तो कष्टाने तयार केला होता. समाजमाध्यमातून दिलेली हाक योग्य खिडकीवर, योग्य कागद घेऊन गेली, म्हणून तिचे काम झाले.

एडसाची कहाणीही २०२२ मध्ये संपली नाही. २०२५ च्या पावसाळ्यात फिलिपिन्समध्ये पूर आले आणि पूरनियंत्रणावर खर्च झालेले पैसे गेले कुठे, असा ओरडा सुरू झाला. ऑगस्टमध्ये मार्कोस धाकटे यांनीच पूरनियंत्रणाच्या कामांची यादी एका संकेतस्थळावर लोकांसाठी खुली केली आणि तक्रारी मागवल्या. कुठले काम, कुठल्या गावात, कोणत्या ठेकेदाराने किती रकमेला केले, हे लोकांच्या हाती आले. मग आपल्या गावातला बांध कागदावर आहे तसा जमिनीवर आहे का, हे माणसे जाऊन पाहू लागली. २१ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे लष्करी कायद्याच्या स्मरणदिनी, हजारो लोक पुन्हा एडसावर आले. या वेळी पुन्हा एकदा गर्दीच्या हातात यादी होती. त्यातून काय निष्पन्न होते, ते इतिहास सांगेल.

आपल्याही प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज हाका येतात. कोणी चिडायला सांगतो, कोणी अभिमान बाळगायला सांगतो, कोणी पुढे पाठवायला सांगतो. अशी हाक आली की दोनच प्रश्न विचारावेत. हे सांगणारा कोण? आणि याची मोजणी कुठे आहे? मोजायला आपल्या हातात साधने आहेत. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, ग्रामसभा आहे, प्रभागाची मतदारयादी आहे, महापालिकेचा अर्थसंकल्प आहे. ही कामे कंटाळवाणी आहेत आणि त्यांना कोणी टाळ्या वाजवत नाही. मनिलाच्या त्या मुलामुलींनाही मतपेटीजवळ रात्रभर उभे राहताना कंटाळा आलाच असेल. ते उभे राहिले, म्हणून त्यांच्या शहरात हाक ऐकून आलेल्या लोकांना आपण कशासाठी आलो आहोत ते सांगता आले.